चौथा मजला, ब

पाराग्वाय रस्त्यावरच्या त्या इमारतीची लिफ्ट
माझ्या बापाहून दोन वर्षांनी मोठी.
लोखंडी जाळीचं दार, पितळी मूठ,
आत आरसा, कडेनं पारा उडालेला.
एकोणीस वर्षं तिची नाडी माझ्या हातात आहे.

चौथ्या मजल्यावर, ब मध्ये,
इरुपे वाइस म्हणून एक बाई बसते,
लोकांचं ऐकायला.
वर जाताना माणसं आरशात केस सारखे करतात.
उतरताना आरशाकडं पाठ.
एक जाडा गृहस्थ खाली आल्यावरही उतरत नाही,
उगाच एक खेप वर जाऊन येतो.
त्याच्यासाठी मी काम थांबवून बसतो,
त्याला ठाऊक नाही.

आमच्या बुएनोस आइरेसमध्ये यात लपवण्यासारखं काही नाही.
आमचा खाटीक सरळ पाटी लावतो,
मंगळवारी चारला दुकान बंद, माझी वेळ आहे.
मेहुणी तर दाताच्या डॉक्टरपेक्षा तिकडंच जास्त.
मी हसायचो.
त्यांच्याकडं निदान कारणं होती :
कुणाचा घटस्फोट, कुणाचा भाऊ बुडालेला.
मला काय झालंय?
बायको बरी, मुलगी कोर्दोबात शिकते, हप्ते फिटलेत.
दाखवायला एक ओरखडासुद्धा नाही.

फक्त एवढंच, की संध्याकाळी
घरासमोर व्हॅन लावल्यावर
मी उतरत नसे.
आधी म्हणायचो, रेडिओवरचं गाणं संपू दे.
मग बातम्या.
मग रेडिओ बंद करून.
समोर आमच्या स्वयंपाकघराचा दिवा,
त्यात नेलिदाची सावली इकडून तिकडं,
आणि मी स्टीअरिंगवर हात ठेवून,
जसा काही अजून कुठंतरी पोचायचाय.

छपरावरच्या खोलीत मोटारीशेजारी
फाकुंदोला शिकवताना मी दोराच्या तारा मोजून दाखवतो.
अमुक इतक्या तुटल्या की दोर उतरवायचा,
तसा तक्ताच छापलेला आहे.
तुटायची वाट बघतो तो मिस्त्री नव्हे.
पोरगं विचारतं, पण चालतेय ना अजून?
चालतेय रे.
चालण्यावर जाऊ नको.

हे दोराचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.
आत्ता सांगताना सुचलं,
आणि फारच नेमकं जुळतंय
म्हणून माझा त्याच्यावर भरवसा नाही.
खरं झालं ते असं :

जुलैतली रात्र, काचेवर धुकं.
नेलिदा सपाता घालूनच खाली आली.
काच वाजवली नाही.
मी घाईनं दार उघडलं, म्हटलं,
आत्ताच आलो.
तिनं बॉनेटवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
थंड आहे, म्हणाली.
एवढंच. आणि वर गेली, दार लोटून न घेता.

जेवण तिनं पुन्हा गरम केलं.
कुणी काही बोललं नाही.
मी पाव मोडत राहिलो,
खाल्ला किती ते आठवत नाही.

त्यानंतरही तीन आठवडे गेले, खोटं कशाला सांगू.
एकदा फोन लावून ठेवून दिला.
एकदा ठरवलं, वसंत येऊ दे, उजेड वाढला की आपोआप.
एका गुरुवारी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट अडकली,
नेहमीचंच, कुलपाचा खटका.
अर्ध्या तासाचं काम.
मग चाचणीची खेप.
मी चार नंबरचं बटण दाबलं
आणि आरशात पाहिलं तर
माझा हात माझ्याच केसांत.

ब चं दार उघडलं.
बाईंच्या हातात माते, चष्मा डोक्यावर.
झाली का दुरुस्त, ओरेस्ते?

लिफ्ट झाली, मी म्हटलं,
आणि हत्यारांची पेटी
त्यांच्या उंबऱ्याशी खाली ठेवली.